मेल सर्व्हरची टूल्स कोणत्या भाषेत लिहावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेचा पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्राम) यांवर चालणारा मेल सर्व्हर, काहीशे मेलबॉक्स आणि सांभाळणारे दोघे जण. वर्षानुवर्षं साचलेल्या, बॅश या शेलमधल्या स्क्रिप्ट आता कुणालाच धड कळत नाहीत, म्हणून चार गोष्टी नीट लिहून काढायच्या आहेत. क्यूमध्ये, म्हणजे पाठवायच्या मेलच्या रांगेत, अडकलेले मेल बघणं आणि साफ करणं. मेलबॉक्स उघडणं-बंद करणं, तेही हेल्पडेस्कवरच्या सहकाऱ्यांना करता येईल असं. ‘माझा मेल गेला कुठे?’ या रोजच्या प्रश्नाचं उत्तर लॉगमधून (सर्व्हरने लिहिलेल्या नोंदींतून) काढणं. आणि कुणाचा पासवर्ड चोरीला जाऊन त्याच्या खात्यातून स्पॅमचा लोंढा सुरू झाला, तर तो थोपवणं. दोघांनाही शेल चांगलं येतं, पायथन जुजबी येतं, गो (Go) या भाषेबद्दल उत्सुकता आहे, आणि एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की मेलचं काम पर्लमध्येच करावं. तर भाषा कोणती?

माझं उत्तर आधी सांगतो. पहिल्या तीन कामांसाठी पायथन. चौथ्यासाठी बहुधा कोड लिहावाच लागणार नाही. लागलाच तर पायथन किंवा गो, दोन्ही चालतील. हे उत्तर तुम्ही केलेल्या वर्णनावर बेतलेलं आहे. वर्णन बदललं तर तेही बदलेल, म्हणून तिथवर कसा पोचलो ते सविस्तर लिहितो.

मेलचं कुठलंही टूल लिहायला घेताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो: हे टूल मेलच्या वाटेवर उभं राहणार आहे, की वाटेच्या कडेला? लॉग शोधणारी स्क्रिप्ट मध्यरात्री कोसळली तर कुणाचाही मेल अडत नाही; सकाळी उठून दुरुस्त करता येते. मेलबॉक्स उघडणारं पॅनेल बंद पडलं तर नव्या माणसाला थोडं थांबावं लागतं, इतकंच. पण पॉलिसी सर्व्हर (मेल घ्यायचा की नाही हे पोस्टफिक्सला सांगणारा प्रोग्राम) किंवा मिल्टर (मेलचा मजकूर तपासणारा, बदलणारा प्रोग्राम) लिहिलात तर पोस्टफिक्स त्याला विचारल्याशिवाय मेल पुढे नेत नाही. पॉलिसी सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर पोस्टफिक्सचं मूळ वर्तन म्हणजे ४५१ देऊन समोरच्याला नंतर यायला सांगणं. मिल्टरच्या बाबतीतही मूळ सेटिंग तात्पुरत्या नकाराचंच असतं. मेल हरवत नाही हे चांगलंच, पण सगळ्या संस्थेचा मेल थांबतो. वाटेवरच्या टूलला महिनोन्‌महिने न थकता चालायचं असतं, एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळायच्या असतात आणि लवकर उत्तर द्यायचं असतं. कडेच्या टूलला यातलं काहीच लागत नाही. ते वाचायला सोपं हवं आणि घाईत बदलता यायला हवं.

तुमच्या चारपैकी तीन गोष्टी कडेच्या आहेत. त्यामुळे भाषेचा वेग हा मुद्दा तिथे जवळपास गैरलागू ठरतो. काहीशे मेलबॉक्सच्या सर्व्हरवर पायथन हळू पडेल अशी वेळ येणं कठीण आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तुमच्याकडे पोस्टफिक्सऐवजी एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर असता तर मी पर्लकडे जास्त झुकलो असतो. एक्झिमबरोबर येणारी एक्झिग्रेप, एक्झिक्यूग्रेप, एक्झिमस्टॅट्स ही सगळी टूल्स पर्लमध्ये आहेत आणि एक्झिमच्या कॉन्फिगरेशनमधून थेट पर्लची फंक्शन बोलावण्याचीही सोय आहे. स्पॅम गाळायला आरस्पॅमडी असेल तर त्याच्या आतले नियम लुआमध्येच लिहायचे, तिथे दुसरी भाषा घुसवण्यात अर्थ नाही. स्पॅमअसॅसिन किंवा अमाविस असेल तर पुन्हा पर्ल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट माणसांची: हे टूल दोन वर्षांनी कोण उघडणार आहे? दोघांपैकी एकालाच येणारी भाषा निवडलीत तर तो रजेवर गेला की टूल दुरुस्त करणारं कुणी उरत नाही. म्हणून दोघांना जुजबी येणारं पायथन मला एकालाच उत्तम येणाऱ्या गोपेक्षा बरं वाटतं.

भाषेच्या निवडीपेक्षा ज्याने मेल सर्व्हर जास्त वेळा धोक्यात आले, त्याबद्दल जरा थांबून लिहितो. मेल सर्व्हरच्या टूलमध्ये येणारी जवळजवळ प्रत्येक माहिती परक्या माणसाने लिहिलेली असते: पाठवणाऱ्याचा पत्ता, विषय, मेसेज-आयडी, समोरच्या सर्व्हरने दिलेला नकाराचा मजकूर, सगळंच. आणि मेलचा पत्ता हा आपल्याला वाटतो तितका साधा नसतो. मेलचे नियम ठरवणाऱ्या आरएफसी ५३२१ या दस्तऐवजाप्रमाणे ॲटच्या डाव्या बाजूला डॉलरचं चिन्ह, उभी रेघ, ॲम्परसँड, बॅकटिक, अपॉस्ट्रॉफी हे सगळं अवतरणचिन्हांशिवायही चालतं. अवतरणात घातलं तर स्पेससुद्धा चालते. पत्त्याची सुरुवात वजाच्या चिन्हानेही होऊ शकते, म्हणजे तुम्ही तो एखाद्या कमांडला दिला तर ती त्याला पत्ता न समजता पर्याय समजेल. पोस्टफिक्स असे वजाने सुरू होणारे पत्ते मुळातच नाकारतो, ते याच कारणासाठी.

याचे परिणाम कागदावरचे नाहीत. डिसेंबर २०१६मध्ये पीएचपीमेलर या लायब्ररीत सापडलेली चूक अशीच होती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात खुबीने अवतरणचिन्हं घालून सेंडमेल कमांडला हवे ते पर्याय देता येत होते आणि त्यातून सर्व्हरवर कोड चालवता येत होता. २०१९मध्ये एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत आढळलं की मेल घेणाऱ्याच्या पत्त्यात एक्झिमच्याच विस्तार-भाषेतली कमांड लिहिली तर ती चालवली जाते. जानेवारी २०२०मध्ये ओपनएसएमटीपीडी या मेल सर्व्हरमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्यातली शेलची चिन्हं न गाळता पुढे जात होती, आणि कमांड थेट रूटच्या, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाच्या, अधिकाराने चालत होती. पहिलं प्रकरण पीएचपीतलं, पुढची दोन सी भाषेतली. तिन्हीकडे परक्याचा मजकूर अशा जागी पोचला जिथे त्याला आज्ञा समजलं गेलं. भाषा कुठलीही घ्या, हे तुम्हालाच टाळायचं आहे.

म्हणूनच बॅशमधून बाहेर पडण्याचा तुमचा निर्णय मला पटतो. बॅशमध्ये पत्ता व्हेरिएबलमध्ये घेऊन दहा ठिकाणी फिरवताना प्रत्येक ठिकाणी अवतरणं बरोबर पडली आहेत ना हे माणसाने लक्षात ठेवायचं असतं, आणि एकदा विसरणं पुरतं. पायथनमध्ये सबप्रोसेसला कमांड आणि तिचे घटक यादीच्या रूपात द्या. शेल मधे येतच नाही. ‘शेल=ट्रू’ हा पर्याय मेलच्या टूलमध्ये वापरायचाच नाही, असा नियम आमच्या टीममध्ये आहे आणि कोड तपासताना आम्ही तो शब्द शोधूनच बघतो. गोमध्ये बाहेरची कमांड चालवताना शेल मुळातच मधे नसतं, हा गोचा मोठा गुण. पर्लमध्येही सिस्टमला यादी देता येते, शिवाय बाहेरून आलेला मजकूर तपासल्याशिवाय कमांडपर्यंत पोचू न देणारा टेंट मोड आहे. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताला हा एक भक्कम आधार आहे आणि मी तो हलका मानत नाही. भाषा कुठलीही असो, पत्ता कमांडला देताना त्याआधी दोन वजाचिन्हं द्या, म्हणजे पुढचं काहीही पर्याय म्हणून वाचलं जाणार नाही. आणि पत्ता डेटाबेसमध्ये शोधताना क्वेरीच्या मजकुरात तो चिकटवू नका, प्लेसहोल्डरने द्या.

याच संदर्भात रेग्युलर एक्स्प्रेशनबद्दलही (मजकुरात नमुने शोधण्याच्या पॅटर्नबद्दल) सांगायला हवं. पर्ल आणि पायथन यांची इंजिनं मागे फिरून पुन्हा जुळवून बघणारी आहेत. निष्काळजीपणे लिहिलेला पॅटर्न आणि मुद्दाम रचलेला लांबलचक हेडर एकत्र आले की एकच ओळ सीपीयू अडकवून ठेवू शकते. गोचं इंजिन आरई२च्या पद्धतीचं आहे, मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेतं. त्याबदल्यात बॅकरेफरन्स (आधी जुळलेला तुकडा पुन्हा शोधणं) मिळत नाहीत. कडेच्या टूलमध्ये हा फरक सहसा जाणवत नाही. वाटेवरच्या टूलमध्ये तो निर्णायक ठरू शकतो.

दुसरी तांत्रिक बाब म्हणजे मेल हा मजकूर नसून बाइट्सची रांग आहे. हेडर कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे हे जाहीर केलेलं असेलच असं नाही, आणि केलेलं असलं तरी खरं असेलच असं नाही. पायथन ३मध्ये फाइल साध्या पद्धतीने उघडून वाचायला गेलात तर एखाद्या ओळीतला यूटीएफ-८ नसलेला एक बाइट टूल पाडतो, आणि तो नेमका तुम्ही घाईत असताना येतो. लॉग उघडताना एररच्या जागी ‘सरोगेटएस्केप’ किंवा ‘बॅकस्लॅशरिप्लेस’ द्या. मेल पार्स करताना बाइट्सवरून पार्स करा आणि पॉलिसी म्हणून ‘डीफॉल्ट’ नावाची पॉलिसी स्पष्टपणे सांगा. नाव डीफॉल्ट असलं तरी ती न सांगता मिळत नाही. न सांगितल्यास जुन्या आवृत्त्यांशी जुळवून घेणारी ‘कॉम्पॅट३२’ लागू होते आणि विषयाची ओळ सांकेतिक रूपातच हातात पडते. गोमध्ये स्ट्रिंग म्हणजे बाइट्सच असल्याने हा त्रास कमी, पण त्याचं मूळ मेल पॅकेज अगदी पायाभूत आहे. बिघडलेले, नियम न पाळणारे मेल वाचायला बाहेरची लायब्ररी घ्यावी लागते. पायथनचं ईमेल पॅकेज मोडक्या मेलमधूनही शक्य तेवढं वाचून काढतं आणि काय बिघडलं होतं त्याची नोंद ठेवतं. मेलच्या टूलसाठी हा गुण मोलाचा आहे, कारण सगळ्यात वाईट मेलच बहुतेकदा तपासायचे असतात.

आता तुमची चार कामं एकेक करून.

क्यूचं काम सगळ्यात सोपं आहे, कारण अवघड भाग पोस्टफिक्सनेच केला आहे. मेलक्यू कमांडचं आउटपुट ऑक या कमांडने कापत बसण्याची गरज २०१६मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीपासून संपली. पोस्टक्यू कमांडला ‘-j’ हा पर्याय दिला की प्रत्येक मेलमागे जेसन या साचेबद्ध रूपातली एक ओळ मिळते, तिच्यात क्यूचं नाव, क्यू आयडी, आल्याची वेळ, आकार, पाठवणारा आणि प्रत्येक घेणाऱ्यासमोर उशिराचं कारण. पायथनमध्ये ही ओळ वाचायला एक फंक्शन पुरतं. शेलमध्येच राहायचं तर जेसन वाचणाऱ्या जेक्यू कमांडनेही भागेल. पुसायचे आयडी पोस्टसुपर या क्यू हाताळणाऱ्या कमांडला स्टँडर्ड इनपुटवरून द्या. क्यूच्या डिरेक्टरीत शिरून फाइली स्वतः पुसणारं टूल कधीही लिहू नका. आणि आधी लांब क्यू आयडी चालू करा, ही सोय २.९पासून आहे. जुन्या पद्धतीचे छोटे आयडी पुन्हा वापरले जातात, त्यामुळे यादी काढणं आणि पुसणं यांच्या मधल्या काळात तोच आयडी दुसऱ्या मेलला मिळण्याची थोडी शक्यता उरते. पोस्टसुपरच्या मॅन्युअलमध्येही ही सूचना आहे. पाठवणारा म्हणून मेलर-डीमन दिसेल ते बाउन्स (मेल पोचला नाही असे निरोप) असतात, त्यांना वेगळं मोजा. त्यांची गर्दी झाली असेल तर कुणीतरी तुमच्या नावाने खोटे पत्ते वापरतंय किंवा तुमचंच खातं फुटलंय. कुठल्या डोमेनकडे किती जुने मेल तुंबलेत हे पाहायला क्यूशेप हे टूल पोस्टफिक्सबरोबरच येतं. तेही पर्लमध्ये आहे. ते पुन्हा लिहू नका.

लॉगमधून मेल शोधणं हे चारांतलं सगळ्यात रसाळ काम, आणि इथे भाषेपेक्षा पोस्टफिक्स कसा विचार करतो ते माहीत असणं जास्त उपयोगी. एका मेलची गोष्ट चार-पाच ओळींत विखुरलेली असते, कारण पोस्टफिक्सचे वेगवेगळे भाग आपापली ओळ लिहितात. एसएमटीपीडीच्या ओळीत कोण आलं आणि लॉगिन कुठल्या नावाने केलं ते असतं, क्लीनअपच्या ओळीत मेसेज-आयडी, क्यूएमजीआरच्या ओळीत पाठवणारा आणि आकार, आणि शेवटी एसएमटीपी किंवा एलएमटीपीच्या ओळीत निकाल. या सगळ्यांना क्यू आयडी जोडतो, म्हणून बहुतेक जण आयडीची डिक्शनरी करून ओळी तिच्यात टाकतात. इथवर ठीक. पण तीन ठिकाणी अशी टूल्स चुकतात. पहिलं, मेल घ्यायच्या आधीच नाकारला गेला तर त्याला आयडीच मिळत नाही, तिथे नोक्यू असं लिहिलेलं असतं. ‘मला अमक्याचा मेल आला नाही’ या तक्रारीचं उत्तर बरेचदा याच ओळींत असतं आणि आयडीवर चालणारं टूल त्या पाहतच नाही. दुसरं, स्पॅम गाळणारा फिल्टर मेल घेऊन पुन्हा पोस्टफिक्सला देत असेल तर त्याला नवा आयडी मिळतो. मग ‘स्टेटस=सेंट’ दिसतं, पण रिले (मेल पुढे घेणारा सर्व्हर) १२७.०.०.१ (हेच मशीन) असतो, म्हणजे मेल फक्त फिल्टरपर्यंत गेला आहे. त्याच ओळीच्या शेवटी ‘क्यूड ॲज’नंतर नवा आयडी असतो, तो धरून पुढे जा, नाहीतर मेसेज-आयडीवरून जोडा. तिसरं, जुन्या सिसलॉगच्या (सिस्टमच्या नोंदी लिहिणाऱ्या सेवेच्या) ओळीत वर्ष नसतं. डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवर शोधलं की क्रम उलटा लागतो. डेबियन या लिनक्स वितरणात १२व्या आवृत्तीपासून आरसिसलॉग पूर्ण वेळ लिहितो, टाइमझोनसकट, त्यामुळे तुमच्या टूलला दोन्ही रूपं वाचता आली पाहिजेत, निदान जुने लॉग संपेपर्यंत.

हेल्पडेस्कला दाखवताना ‘सेंट’ हा शब्द जसाच्या तसा दाखवू नका. समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला, एवढाच त्याचा अर्थ. तो इनबॉक्समध्ये गेला की स्पॅममध्ये हे तुमच्या लॉगला कळत नाही. त्याऐवजी समोरच्याने दिलेलं २५०चं (मेल स्वीकारल्याचं) पूर्ण उत्तर दाखवा, त्यात बहुधा त्यांचा स्वतःचा आयडी असतो आणि पुढचा पाठपुरावा त्याच्यावर होतो. ‘डिलेज’मधले चार आकडेही उलगडून दाखवा: क्यू मॅनेजरकडे येण्याआधीचा वेळ, क्यू मॅनेजरमधला वेळ, जोडणी करण्याचा वेळ, पाठवण्याचा वेळ. मेल उशिरा का गेला याचं उत्तर हेल्पडेस्क मग तुम्हाला न विचारता देऊ शकतो. असं टूल पायथनमध्ये दोन-तीनशे ओळींत बसतं. लॉग काही गिगाबाइटचे असतील तर गोमध्ये ते नक्की वेगाने चालेल, पण तारखेप्रमाणे फाइल निवडून आधी ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने छाटणी केली तर पायथनही पुरतं.

मेलबॉक्सचं पॅनेल लिहायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: खाती कुठे ठेवली आहेत? साध्या फाइलींत असतील तर पॅनेलला कॉन्फिगरेशनच्या फाइली बदलायला लागतील, पोस्टमॅप (त्या फाइलींतून पोस्टफिक्सला वाचता येणारं टेबल बनवणारी कमांड) चालवायला लागेल, आणि तेवढ्यात पोस्टफिक्सने अर्धवट फाइल वाचली तर काय हाही विचार करावा लागेल. त्यावर उपाय आहे, वेगळ्या नावाने तयार करून मग जागेवर हलवणं, पण सरळ मार्ग म्हणजे खाती पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलमध्ये न्या. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघेही तिथूनच वाचतील. मग पॅनेलचं काम टेबलातली एक ओळ बदलण्याइतकं उरतं, त्याला रूटचे अधिकार लागत नाहीत आणि भाषेचा प्रश्न निवांत होतो. पोस्टफिक्सॲडमिन हे पीएचपीतलं पॅनेल नेमकं हेच करतं. राउंडक्यूब या वेबमेलमुळे तुमच्याकडे पीएचपी आधीच चालत असेल तर ते लावून बघा आणि स्वतः लिहिणं टाळा. स्वतः लिहायचंच असेल तर पायथनमध्ये, तुमच्या दोघांना सोसेल अशा छोट्या फ्रेमवर्कमध्ये.

खातं बंद करण्याचं बटण मात्र बारकाईने लिहा. डेटाबेसमध्ये खातं निष्क्रिय केलं, पासवर्ड बदलला, म्हणजे चोर बाहेर पडला असं होत नाही. आधीच उघडलेलं आयमॅप सेशन (मेलबॉक्स वाचणारी जोडणी) चालूच राहतं. डव्हअ‍ॅडम या डव्हकॉटच्या कमांडच्या किकने ते तोडावं लागतं. डव्हकॉटचा ऑथ कॅश चालू असेल तर जुना पासवर्ड काही काळ चालतच राहू शकतो, तोही त्या खात्यापुरता रिकामा करा. आणि त्या खात्यातून आधीच क्यूमध्ये आलेले मेल बाहेर पडतच राहतात. त्यांना पोस्टसुपरने होल्डमध्ये टाका. लगेच पुसू नका, त्यात माणसाने स्वतः लिहिलेले खरे मेलही असतात. ही सगळी पावलं एकाच बटणामागे हवीत.

पोस्टसुपरला रूट लागतो. त्यासाठी अख्खं पॅनेल रूटने चालवू नका. एक छोटी मदतनीस स्क्रिप्ट वेगळी ठेवा, जी फक्त क्यू आयडी घेते, तो अक्षर-अंकांचाच आहे हे तपासते आणि ठरलेली एकच कमांड चालवते. पॅनेलच्या यूजरला सुडोने तेवढीच परवानगी द्या. ही मदतनीस पन्नास ओळींच्या आत राहिली तर ती दोघांनी बसून ओळ न ओळ वाचता येते. क्यू नुसती बघण्यासाठी रूट लागतच नाही. उलट क्यू कोणाला बघता यावी हे पोस्टफिक्सच्या ‘ऑथराइज्ड मेलक्यू यूजर्स’ या सेटिंगने मर्यादित करता येतं, ते करा.

पासवर्डच्या हॅशबद्दल (साठवताना त्याला दिलेल्या, उलट न फिरवता येणाऱ्या रूपाबद्दल) एक सावधगिरी. पायथनची जुनी उदाहरणं क्रिप्ट मॉड्यूल वापरतात, ते ३.१३मध्ये काढून टाकलं गेलं. मेल घेणारा सर्व्हर लिहिण्यासाठीचं पायथनचं एसएमटीपीडी मॉड्यूलही ३.१२मध्ये गेलं, त्याच्या जागी एआयओएसएमटीपीडी हे वेगळं पॅकेज घ्यावं लागतं. हॅशसाठी बीक्रिप्टची लायब्ररी घ्या, डव्हकॉटला तो प्रकार समजतो.

चौथं काम एकटंच वाटेवरचं. आधी हे तपासा की ते आधीच झालेलं आहे का. आरस्पॅमडी असेल तर त्याच्या रेटलिमिट मॉड्यूलमध्ये लॉगिन केलेल्या यूजरमागे मर्यादा घालता येते, मोजणी रेडिस या मेमरीतल्या साठ्यात राहते आणि एक ओळही कोड लागत नाही. पोस्टएफडब्ल्यूडी हा पर्लमधला पॉलिसी सर्व्हरही मर्यादा सांभाळतो. पोस्टफिक्सची स्वतःची अ‍ॅन्व्हिल या मोजणी करणाऱ्या भागावर चालणारी मर्यादा पुरेशी वाटेल, पण ती समोरच्या आयपीवर मोजते, यूजरवर नाही. चोरलेला पासवर्ड एकाच वेळी अनेक आयपींवरून वापरला जातो, तिथे तिचा उपयोग होत नाही.

यातलं काही बसत नसेल तर स्वतः लिहा, आणि त्यासाठी मिल्टर नको, पॉलिसी सर्व्हर लिहा. मेलच्या मजकुराला हात लावायचा असेल तरच मिल्टर. पॉलिसीचा प्रोटोकॉल अगदी साधा आहे: पोस्टफिक्स नाव=किंमत अशा ओळी पाठवतो, रिकामी ओळ आली की विनंती संपली, तुम्ही ‘ॲक्शन=’ची ओळ आणि रिकामी ओळ परत द्यायची. त्यातलं सॅसल यूजरनेम, म्हणजे लॉगिन केलेलं नाव, तुम्हाला हवं आहे. एका मेलला किती घेणारे आहेत हे मोजायचं तर चौकशी ‘डेटा’ कमांडच्या किंवा मेल संपण्याच्या टप्प्यावर लावा; त्याआधी घेणाऱ्यांची संख्या शून्यच येते. हा प्रोटोकॉल कुठल्याही भाषेत सहज लिहून होतो. पायथनमध्ये असिंकआयओ (एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळणारं मॉड्यूल) वापरून एकच प्रक्रिया तुमच्या आकाराच्या सर्व्हरला सहज पुरेल. पोस्टफिक्सच्या स्पॉन या सेवेने प्रक्रिया सुरू करणार असाल तर प्रत्येक जोडणीमागे वेगळी प्रक्रिया होते, त्यामुळे मोजणी मेमरीत ठेवून चालणार नाही, रेडिस किंवा डेटाबेस लागेल.

गो शिकायचंच असेल तर मी हे काम त्यासाठी निवडेन. प्रोटोकॉल लहान आहे, एकाच वेळच्या जोडण्या गोला सहज जमतात आणि शेवटी एकच फाइल सर्व्हरवर ठेवायची असते. पायथनच्या बाबतीत पॅकेजचा गुंता सांभाळावा लागतो. डेबियन १२पासून सिस्टमच्या पायथनमध्ये पिप या पॅकेज बसवणाऱ्या टूलने थेट काही बसवू दिलं जात नाही. एकतर वितरणाची पॅकेज वापरा नाहीतर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. मी शक्यतो वितरणाचीच घेतो, कारण त्यांच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप येतात. गोच्या एकसंध फाइलचं तसं नाही. तिच्यातल्या लायब्ररीत दोष सापडला तर तुम्हीच ती पुन्हा बांधून ठेवायची असते, आणि त्याची आठवण करून देणारं कुणी नसतं. दुसरीकडे गो १ला २०१२पासून जुना कोड चालत राहील असं आश्वासन आहे, तर पायथन २ १ जानेवारी २०२०ला संपला तेव्हा मेलमॅन २ (मेलिंग लिस्ट चालवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या अनेकांना मेलमॅन ३कडे मोठं स्थलांतर करावं लागलं. मेल सर्व्हर दीर्घायुषी असतात, त्यामुळे याचा हिशेब करूनच निवडा.

रस्ट या भाषेबद्दलही विचारलं जातं. स्टॉलवर्टसारखा अख्खा मेल सर्व्हर त्यात लिहिलेला आहे आणि तिथे ती निवड शोभते. दोघांच्या टीमने रोज बदलणारी व्यवस्थापनाची टूल्स त्यात लिहावीत असं मला वाटत नाही.

म्हणजे आतापर्यंतचं पाहता: क्यू आणि लॉगसाठी पायथन, पॅनेल तयार मिळालं तर तयार नाहीतर पायथन, रूटची कमांड वेगळ्या छोट्या मदतनीसात, आणि मर्यादेचं काम आधी आरस्पॅमडीला विचारून मग पायथन किंवा गोमध्ये. जुन्या बॅश स्क्रिप्टपैकी ज्या वीस-तीस ओळींच्या आहेत आणि ज्यांच्यात बाहेरचा मजकूर येत नाही, त्या तशाच राहू द्या. बॅकअपची वेळ तपासणारी स्क्रिप्ट पायथनमध्ये नेऊन काही मिळत नाही.

क्रमाबद्दल विचाराल तर लॉगच्या टूलपासून सुरुवात करा. ते काहीच बदलत नाही, त्यामुळे त्यात चूक झाली तरी नुकसान नाही, आणि ते लिहिताना तुमचा सर्व्हर प्रत्यक्षात कसा वागतो हे तुम्हाला इतर कुठल्याही मार्गापेक्षा जास्त कळेल. मग क्यू, मग पॅनेल. मर्यादा शेवटी, आणि तीही सुरुवातीला कुणालाही न अडवता. पोस्टफिक्सबरोबर येणाऱ्या एसएमटीपी-सोर्स आणि एसएमटीपी-सिंक या दोन टूल्सनी चाचणीच्या सर्व्हरवर तिच्यावर भार टाकून बघा. खऱ्या सर्व्हरवर लावताना पॉलिसीची मूळ कृती ४५१ऐवजी डनो (DUNNO, म्हणजे ‘माझं काही म्हणणं नाही’) ठेवा, म्हणजे तुमचं टूल पडलं तरी मेल चालू राहील, आणि टूललाही प्रत्येक वेळी डनोच उत्तर द्यायला सांगून फक्त मोजणी लिहू द्या. काही आठवड्यांनी आकडे पाहिलेत की कोण रोज मोठ्या यादीला परिपत्रकं पाठवतं आणि साधा माणूस तासाला किती मेल पाठवतो ते दिसेल. मर्यादा तिथून ठरवा. ती ओलांडली की नकार देण्याऐवजी होल्ड द्या आणि तुम्हाला दोघांना सूचना येऊ द्या. परिपत्रक असेल तर तुम्ही होल्डमधून सोडाल, स्पॅम असेल तर खातं बंद करण्याचं बटण तयार असेलच.